पाकिटाच्या मागे लिहिलेला पत्ता

मे महिना संपत आला होता. आमच्या गल्लीतल्या जुन्या वाड्याच्या दरवाज्यावर नोटीस चिकटवलेली दिसली: इमारत राहण्यास धोकादायक आहे, रहिवाशांनी जागा खाली करावी. वाड्यात तीनच बिऱ्हाडं उरलेली. मागच्या दोन खोल्यांत पंचाहत्तरीच्या काकू एकट्या राहायच्या. त्या संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या, हातात सुतळीने बांधलेला भाडेपावत्यांचा गठ्ठा. "अगं, तू शिकलेली आहेस, एवढं बघ जरा," म्हणाल्या. पावत्या सगळ्या त्यांच्या यजमानांच्या नावाच्या. यजमान जाऊन अकरा वर्षं झाली, भाडं काकूच भरत आल्या, पण पावतीवरचं नाव कुणी बदललं नाही. मालकाचा माणूस चार दिवसांपूर्वी येऊन सांगून गेला होता की पावती तुमच्या नावावर नाही, तेव्हा तुमचा इथं हक्कच नाही. पावसाच्या आत निघालात तर हातात थोडे पैसे ठेवू.

मला काहीही सांगता आलं नाही. मी पदवीधर आहे, दिवसभर कॉम्प्युटरवर काम करते, मराठी-इंग्रजी दोन्ही वाचते. पण या बाईने उद्या सकाळी नक्की कोणत्या दारात जाऊन उभं राहायचं, हे मला ठाऊक नव्हतं.

पुढचे नऊ दिवस आम्ही दोघी फिरलो. पहिल्या कार्यालयात सांगितलं, नोटीस आमची, पण भाड्याचं भांडण आमचं नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, हा दिवाणी मामला आहे, आम्ही पडत नाही. तिसऱ्या ठिकाणी अर्ज घेतला, पोच दिली नाही. एका वकिलांनी फी सांगितली, ती ऐकून काकूंनी पदर सावरला आणि उठल्या. नवव्या दिवशी कोर्टाच्या आवारात, चुकीच्याच खिडकीपाशी, निवृत्तीला टेकलेल्या एका कारकुनाने आमचं सगळं ऐकून घेतलं. त्यांनी टेबलावरचं एक जुनं पाकीट उलटं केलं आणि मागच्या बाजूला चार ओळी लिहिल्या. ते पाकीट अजून माझ्याकडे आहे.

"विधी सेवा प्राधिकरण, तळमजला. वकील फुकट, बायकांना उत्पन्नाची अट नाही. / पावत्या, रेशनकार्ड, लाइटबिल, यजमानांचा मृत्यूचा दाखला, दोन-दोन झेरॉक्स. / पाडायच्या आधी खोल्यांचं मोजमाप लेखी मागा. / पैसे घेऊन कशावरही सही करू नका."

दहा मिनिटं लागली असतील त्यांना.

मालकाचा माणूस जे बोलून गेला होता ते धादांत खोटं होतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 प्रमाणे भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणारी कुटुंबातली व्यक्ती भाडेकरू ठरते. पावतीवर नाव कुणाचं आहे यावर तो हक्क अवलंबून नाही. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. मालकाने मुद्दाम पाणी किंवा वीज तोडली तर त्याच कायद्यात त्याविरुद्ध दाद मागायची तरतूद आहे. स्त्रियांना मोफत वकील देण्याची तरतूद 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे. म्हणजे काकूंना जे जे लागत होतं ते सगळं या राज्यात कागदावर आणि बऱ्याच अंशी प्रत्यक्षातही होतं. त्यांच्या घरापासून तिथपर्यंतची वाट मात्र कुणाच्याच खात्यात येत नव्हती.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही वाट दाखवणं हे सरकारचं आणि महापालिकेचं काम आहे. रस्ता झाडणं, पाणी सोडणं जसं काम आहे तसंच. प्रत्येक वॉर्डात पगारी, नेमलेला, नाव-खुर्ची असलेला एक माणूस हवा, ज्याने येणाऱ्याची अडचण ऐकायची आणि त्याला पुढच्या बरोबर दारापर्यंत पोचवायचं. हे काम आज आपण नशिबावर सोडलेलं आहे.

"आपल्याकडे सोयीच नाहीत" हे आता खरं राहिलेलं नाही, हे मला या नऊ दिवसांत कळलं. ज्येष्ठांसाठी 14567 ही देशभरची हेल्पलाइन आहे, सकाळी 8 ते रात्री 8. कायदेशीर मदतीसाठी 15100. मन खचलं असेल तर टेलिमानसचा 14416. एसटीत 65 पूर्ण झालेल्यांना अर्धं तिकीट आणि 75 पूर्ण झालेल्यांना 2022 पासून मोफत प्रवास. सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमधून वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार, हे 2024 च्या ऑक्टोबरपासून. यातली एसटीची सवलत तेवढी घरोघरी माहीत आहे, कारण ती सांगणारा माणूस, म्हणजे कंडक्टर, सोयीसोबतच येतो. बाकीच्या सोयींना कंडक्टर नाही.

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा घ्या. मुलं सांभाळत नसतील तर आई-वडील उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, म्हणजे आपण ज्यांना प्रांत म्हणतो त्यांच्या न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करू शकतात. दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल लागावा अशी अपेक्षा आहे. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावे करून दिलं आणि त्याने पाठ फिरवली, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. हा कायदा ज्यांच्यासाठी केला, त्यातल्या किती जणांना तो माहीत आहे? आमच्या भागातल्या विरंगुळा केंद्रात रोज सकाळी वीस-पंचवीस आजोबा-आजी जमतात. मी एकदा सहज विचारलं. दोघांनी नाव ऐकलं होतं. अर्ज कुठे करायचा हे एकालाही सांगता आलं नाही. आणि याच कायद्याच्या कलम 21 मध्ये स्पष्ट लिहिलंय की यातल्या तरतुदींना व्यापक आणि नियमित प्रसिद्धी देणं ही राज्य सरकारची जबाबदारी आहे. प्रसिद्धी म्हणजे ज्येष्ठ नागरिक दिनाला वर्तमानपत्रात छापलेली जाहिरात नव्हे. ज्या बाईला सून जेवायला वाढत नाही, तिच्या कानापर्यंत प्रांत कचेरीचा पत्ता जायला हवा.

यात माहिती नसण्याइतकीच लाज आड येते. "मुलाला कोर्टात ओढू का?" हा प्रश्न मी त्या केंद्रात तीन वेळा ऐकला. ते कोर्ट नाही, तिथं मुळात वकील लागत नाही, अधिकारी आधी दोघांना समोर बसवून तडजोड करून बघू शकतात, हे अशा आईला समजावून कोण सांगणार? वेबसाइट सांगणार नाही. त्यासाठी समोर माणूस लागतो, जो चहा सांगतो, वाट बघतो आणि तिचं रडणं आटोपलं की मग फॉर्म पुढे करतो.

"आता सगळं ऑनलाइन आहे" हे उत्तर मला फार वेळा मिळालं. आपले सरकार पोर्टल आहे, महापालिकांची अ‍ॅप आहेत, आणि कामावर जाणाऱ्या तिशीतल्या माणसाची त्यांनी खरोखर सोय केली आहे. पण काकूंच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर त्यांच्या यजमानांचा होता, तो कधीच बंद पडला. ओटीपी कुठे जातो ते कुणाला ठाऊक. नंबर बदलायला केंद्रावर गेलो तर मशीनवर त्यांचं बोट उठेना. आयुष्यभर भांडी घासून, पोळ्या लाटून बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या. तिथल्या मुलीने त्यांचं बोट ओल्या फडक्याने पुसलं, सहा वेळा दाबून बघितलं. शेवटी बोटांऐवजी डोळ्यांच्या स्कॅनवर काम झालं. ती मुलगी चांगली होती. पण तिथून पुढे कुठे जायचं, हे सांगायला तिला कुणी बसवलेलं नाही. सेतू केंद्र दाखला देतं, सल्ला देत नाही, आणि लोकांना पहिल्यांदा सल्लाच लागतो.

श्रावणबाळ योजनेचं उदाहरण देते. 65 च्या पुढच्या निराधार ज्येष्ठाला दरमहा 1,500 रुपये. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत हवं, म्हणजे महिन्याला 1,750. शहरात एवढ्या उत्पन्नात माणूस जगूच शकत नाही, ही अट कधीच बदलायला हवी होती. पण तो स्वतंत्र विषय आहे. ज्यांना ही योजना लागू होते त्यांनाही उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, रहिवासाचा पुरावा, बँक खात्याला आधार जोडणी आणि पुढे दरवर्षी हयातीचा दाखला, एवढं जमवावं लागतं. त्यातला एक कागद कमी पडला की परत. कोणता कमी पडला हे एकाच फेरीत सांगितलं जात नाही. अशा वेळी तहसीलच्या बाहेर, झाडाखाली टेबल टाकून बसलेला एजंट उपयोगी पडतो. आपण त्याला नावं ठेवतो. पण त्याचं गिऱ्हाईक का आहे याचा विचार करा: आत कुणी नीट सांगत नाही ते तो बाहेर पैसे घेऊन नीट सांगतो.

गावाकडे हे वेगळं आहे. माझं माहेर लहान गावातलं. तलाठी कुठे बसतो, ग्रामसेवक कोणत्या वारी येतो हे तिथं शाळेतलं पोरही सांगतं. गावातली कामं झटपट होतात असं मी म्हणत नाही, पण दार कोणतं हे माहीत असतं. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची 45 टक्क्यांहून जास्त वस्ती शहरी होती आणि राज्यातले जवळपास 10 टक्के लोक साठीच्या पुढचे होते. तेव्हापासून दोन्ही आकडे वाढतच आलेत. या शहरी वस्तीला आपला वॉर्ड कोणता, त्याचं कार्यालय कुठे, हे घरपट्टीच्या बिलावर वाचावं लागतं. आणि भाडेकरूच्या नावावर घरपट्टीचं बिलही येत नाही.

या सगळ्यात भाडेकरूचं दुखणं मला जवळचं, कारण मी स्वतः अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर चौदा वर्षं राहते आहे. या काळात पाच घरं बदलली. भाडेकरू सोसायटीचा सभासद नसतो, फार तर नाममात्र सभासद. त्यामुळे पाण्याचा टँकर कधी येणार, लिफ्ट कधी बंद राहणार, याचा निरोप घरमालकाला जातो, तो आठवला तर मला कळवतो. मतदारयादीत नाव अजून दुसऱ्याच घराच्या पत्त्यावर. डिपॉझिट अडकलं तर ते सोडवायला वकिलाची फी डिपॉझिटाइतकीच. करार लेखी आणि नोंदणीकृत करायची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे आणि करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं, हे 1999 च्या कायद्याच्या कलम 55 मध्ये आहे. मला हे कळलं तेव्हा माझी तीन घरं सोडून झाली होती. त्यातल्या एका ठिकाणी कराराची प्रतसुद्धा मला मिळाली नव्हती, आणि ती मागायचा मला हक्क आहे हे सांगणारं आजूबाजूला कुणी नव्हतं.

पूर्वी ही वाट कोण दाखवायचं? नगरसेवकाचं संपर्क कार्यालय, मुंबईत पक्षाची शाखा, पेठेत मंडळाचा कार्यकर्ता. रात्री अकरा वाजता अ‍ॅम्ब्युलन्स बोलावणारी, दाखल्यासाठी चिठ्ठी देणारी, रेशनच्या दुकानदाराला दम भरणारी ही माणसं होती आणि आजही आहेत. त्यांनी केलेलं काम मी कमी लेखणार नाही. हजारो घरं त्यांच्या जोरावर तगली. पण ती मदत ओळखीवर मिळते. ओळख मतावर ठरते, आणि ज्याचं मत दुसऱ्या वॉर्डात आहे त्या भाडेकरूला, ज्याच्या घरात एकच म्हातारं मत आहे त्या आजीला, रांगेत शेवटचं उभं राहावं लागतं. शिवाय मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासकच कारभार बघत राहिले. तेवढा काळ वॉर्डाला नगरसेवकच नव्हता. ज्यांची सगळी भिस्त त्या एका कार्यालयावर होती, त्यांनी त्या काळात काय केलं असेल?

घटनेने याचा विचार केलेला आहे, हे विसरता कामा नये. 74 व्या घटनादुरुस्तीने 3 लाखांवरच्या शहरांत वॉर्ड समित्या बंधनकारक केल्या, त्याला तीस वर्षं उलटून गेली. माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्यातलं कलम 4 म्हणतं, नागरिकाने मागायच्या आत कार्यालयाने आपणहून माहिती जाहीर करावी. लोकसेवा हक्काचा 2015 चा कायदा प्रत्येक कार्यालयाला सेवांची यादी, जबाबदार अधिकारी आणि मुदत फलकावर लावायला सांगतो, आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दंडही सांगतो. फलक बऱ्याच ठिकाणी लागलेले आहेत. मी ते उभं राहून वाचलेत. ते खात्यांप्रमाणे लिहिलेले असतात. माणसाची अडचण खात्यांच्या हद्दी बघून येत नाही. काकूंची अडचण बांधकाम, न्यायालय, आधार, पोलीस आणि औषधपाणी अशी पाच ठिकाणची होती, आणि त्यांना ती एकच वाटत होती: माझं घर जातंय.

म्हणून मी जे मागते ते अगदी साधं आहे. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात, तळमजल्यावर, दारातून आत आल्याबरोबर दिसेल असं एक टेबल. तळमजल्यावर यासाठी, की गुडघे दुखणारी माणसं तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीपर्यंत पोचतच नाहीत, आणि लिफ्ट बंद असते. टेबलाशी दोन खुर्च्या, पाणी, जवळ वापरता येईल असं स्वच्छतागृह. त्या टेबलामागच्या माणसाने कोणत्याही खात्याची अडचण "आमची नाही" म्हणून परतवायची नाही. ऐकायचं, कागदावर मराठीत लिहून द्यायचं, पुढच्या कार्यालयात फोन करून "या बाई येताहेत" असं कळवायचं, आणि आठ दिवसांनी काय झालं हे विचारायचं. आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी टेबल उघडं हवं, कारण भाडेकरू दिवसा कामावर असतो. आणि घर मालकीचं की भाड्याचं, मत कुठे आहे, हे तिथं विचारायचं नाही. जो त्या वॉर्डात राहतो तो तिथला रहिवासी.

पैसा कुठून आणायचा, असं म्हणतील. महापालिकांच्या समाज विकास विभागांत समूह संघटिका आहेत, वस्त्या ओळखणाऱ्या, बोलायला तयार असणाऱ्या बायका. त्यांना नीट पगार आणि हे नेमकं काम द्या. आशाताईंवर मात्र हे टाकू नका. घरोघर जातात म्हणून प्रत्येक नवीन योजनेचं ओझं त्यांच्याच खांद्यावर ठेवायची वाईट खोड आपल्या व्यवस्थेला लागली आहे, आणि मोबदला देताना मात्र हात आखडतो. गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांत निवृत्त तलाठी, निवृत्त पेशकार, बँकेतून निवृत्त झालेली माणसं आहेत. ती मानधनावर आनंदाने बसतील. प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक आहेत. माणसं आहेतच, त्यांना बसायला जागा आणि अधिकाराची चिठ्ठी हवी.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. अशा टेबलाशी रोज कोण काय विचारून गेलं याची वही ठेवली, नावं गाळून ती दर तीन महिन्यांनी वॉर्ड समितीपुढे ठेवली, तर शहराला आपल्या दुखण्याचा ठावठिकाणा कळेल. कोणत्या गल्लीत पाच म्हाताऱ्यांना एकाच महिन्यात घर सोडायच्या धमक्या आल्या, कोणत्या भागात डिपॉझिट बुडवायचे प्रकार वाढलेत, कुठे एकट्या राहणाऱ्या माणसांना दवाखान्यात न्यायला कुणी नाही, हे आज कुठेच लिहिलं जात नाही. एकट्या ज्येष्ठांची यादी पोलीस ठाण्यात असावी अशी अपेक्षा आहे. पण त्यांना मागच्या महिन्यात काय लागलं होतं हे त्या यादीत कळत नाही.

परदेशातल्या मुलांचंही यात काही आहे. माझ्या शाळेतली एक मैत्रीण न्यू जर्सीत असते. तिचे वडील इथे एकटे. रात्री दोनला तिचा मला फोन येतो: बाबा फोन उचलत नाहीत, जाऊन बघशील का? मी जाते. पण मी तिथून चार किलोमीटरवर राहते आणि कधीतरी मीही गावाला गेलेली असेन. तिच्याकडे बाबांच्या डॉक्टरांचा नंबर आहे, बँकेतल्या साहेबांचा आहे, वॉर्डातल्या एकाही माणसाचा नाही. असा नंबर तिला द्यायचा तर कुणाचा द्यायचा, हे मलाही सुचलेलं नाही.

काकूंचं पुढे असं झालं. प्राधिकरणाने वकीलबाई दिल्या, तरुण, पण शांतपणे ऐकणाऱ्या. पाडापाडीच्या आधी मोजमाप झालं. दोन खोल्या आणि मोरी मिळून 230 चौरस फूट, असा सही-शिक्क्याचा कागद काकूंच्या हातात आला. तो त्यांनी पावत्यांच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला आणि सुतळी पुन्हा बांधली. दावा चालू आहे. वाडा जुलैमध्ये उतरवला. काकू आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, भाचीच्या ओळखीने मिळालेल्या एका खोलीत भाड्याने राहतात. सामान लावून झाल्यावर मी निघाले तेव्हा दारापर्यंत आल्या आणि विचारलं, "हा वॉर्ड कुठला गं? इथं काही लागलं तर कुणाकडे जायचं?"

शोधून सांगते म्हणाले. शोधायला मला दोन दिवस लागले.